दोन आखूड, एक लांब

चारुदत्त गुळवणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गाडीत होता. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही. तिसऱ्या वेळी तो गाडीबाहेर उभा होता, पण एक पाय आतच होता, म्हणून ती वेळ मी धरत नाही.

उम्म अल कुवैनमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहतो. चारू रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात डिस्पॅच मॅनेजर आहे. म्हणजे भरलेले ट्रक वेळेवर फाटकाबाहेर पडले का ते बघायचं, आणि पडले नसतील तर ओरडायचं. त्याची बायको सुचित्रा दुबईत, ऊद मेथाच्या एका शाळेत गणित शिकवते. कारखाना उत्तरेला, शाळा दक्षिणेला, म्हणून चारूने घर बरोब्बर मध्ये घेतलं. कोणालाही वाटेल, किती समजूतदार माणूस! आता बायको सकाळी इकडे जाईल, नवरा तिकडे जाईल. तसं मुळीच नाही. चारू रोज पहाटे सुचित्राला दुबईला सोडतो, गाडी वळवतो, आणि आपल्याच घरावरून पुढे रास अल खैमाला जातो. शाळेची स्टाफ बस आमच्या दारात थांबते. "बसमध्ये निदान डुलकी तरी काढता आली असती हो भावजी," सुचित्रा मला म्हणते. पण चारूला बस चालत नाही. बसमध्ये तो बसत नसला तरी चालत नाही.

बसणं हाच मुळी त्याचा प्रश्न. गाडीत नसेल तर हा माणूस एका जागी टिकत नाही. गणपतीच्या आरतीला तो हॉलच्या दाराशी उभा असतो, हातात टाळांऐवजी गाडीची किल्ली, आणि ती बोटाभोवती गरगर फिरत असते. मंत्रपुष्पांजली सुरू झाली की त्याचं सुरू होतं, "यल्ला, निघूया." कुठे निघायचं हे विचारू नये. आमच्या घरी जेवायला आला की वरणभातावर तूप पडायच्या आत तो परतीच्या रस्त्यावर ट्रॅफिक किती आहे ते फोनवर बघतो. परतीचा रस्ता म्हणजे दोन मजले खाली.

आता इथे राहणाऱ्या माणसाला गाडीतून उतरायची तशी गरजही पडत नाही, हे मान्य केलं पाहिजे. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा. आतला माणूस बाहेर येतो, काचेशी वाकतो, आणि कडक उकळलेल्या करक चहाचा कागदी पेला हातात आणून देतो. किराणावाल्याकडे हॉर्न, खुबूसच्या रोट्या गाडीत. लाँड्रीसमोर हॉर्न, इस्त्रीचे शर्ट मागच्या सीटवर. आम्ही सगळेच हे करतो. फरक इतकाच की आम्ही अधूनमधून उतरतो. चारूचे सँडल बघा, तळवे अजून नवेकोरे आहेत.

आणि त्याने मुलगीही हॉर्नवरच वाढवली.

आभा त्याची एकुलती एक. जन्म दुबईचा, वाढ उम्म अल कुवैनची, मराठी आईची, इंग्रजी शाळेची. तिला शाळेतून, कराटेतून, फिजिक्सच्या क्लासमधून, मैत्रिणींच्या वाढदिवसांतून आणायला चारू जायचा. कधी चुकला नाही, कधी उशीर केला नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवा. पण वर कधी गेला नाही. खाली गाडी उभी करायची आणि हॉर्न द्यायचा: दोन आखूड, एक लांब. पीं पीं पीऽऽऽ. हा त्यांचा खास हॉर्न. पोरगी केकचा घास तोंडात कोंबून, एक बूट पायात नि एक हातात घेऊन जिने उतरत यायची, "कमिंग, बाबा, कमिंग!" कारण बाबा पाच मिनिटं थांबला तर इमारतीला चक्कर मारायला निघायचा, आणि मग त्याच्या मागे धावावं लागायचं.

शुक्रवारी तो तिला रेस बघायला न्यायचा. गाड्यांची शर्यत म्हणजे चारूचं देवघर. कोणत्या गाडीला कोणते टायर, कुठे ब्रेक मारायचा, कुठे नाही मारायचा, हे तो त्या चिमुरडीला समजावत बसायचा. बसायचा म्हणजे उभं राहून समजावायचा. फ्रान्समध्ये एक जुनं सर्किट आहे, तिथे शर्यत नसते तेव्हा त्याचा बराचसा रस्ता गावकऱ्यांसाठी खुला असतो, बटाट्यांचे ट्रॅक्टरसुद्धा त्यावरून जातात, हे त्याने तिला शंभरदा सांगितलं असेल. "एक दिवस आपण दोघं त्या रस्त्यावरून जाऊ."

तर पोरीने ते मनावर घेतलं. इंजिनियर झाली, बापाने ओळख लावून दुबईच्या एका शोरूममध्ये चिकटवलेली नोकरी वर्षभर केली, आणि एके दिवशी सोडून थेट त्या सर्किटाशेजारच्या खेड्यात गेली. तिथे एका छोट्या रेसिंग टीमची शेड आहे. तिथे ती टायर बघते.

चारूचा संताप झाला. आपण ज्या देवाची पूजा करतो त्याच्या मठात पोरगी खरोखरच दाखल होईल असं कोणत्या भक्ताला वाटतं?

"चाकं बदलायला इंजिनियर केलं का तुला?" तो फोनवर ओरडला. अर्थात गाडीतून, स्पीकरवर. शेजारी सुचित्रा बसली होती, म्हणून हे संभाषण मला शब्दशः माहीत आहे.

"बाबा, मी काय काम करते हे तू एकदा तरी विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? टायर! मी रोज चार बघतो!"

"एक्झॅक्टली," आभा म्हणाली. "तू विचारत नाहीस. यू जस्ट हाँक." आणि तिने फोन ठेवला.

ही दिवाळीतली गोष्ट. त्यानंतर ती आईशी बोलायची, आणि मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली की म्हणायची, "आई, तू घरी गेलीस की कर." चारू नंतर नंतर इंडिकेटर न देता वळायला लागला. तेवढाच तिचा आवाज ऐकायचा. फार धोक्याचं प्रेम होतं ते.

मार्चमध्ये बातमी आली की टीम आभाला कायम करते आहे. होकार की नकार ते तिने पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. चारूने तातडीने दुबईत तिच्यासाठी दुसऱ्या नोकरीची मुलाखत ठरवली, सुचित्राला शाळेची सुट्टी होतीच, आणि आम्ही फ्रान्सला निघालो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. मी कॉलेजात मार्क चांगले पडतात म्हणून दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं. त्या भाषेत मी उत्तम परीक्षा देऊ शकतो. पाणी मागू शकत नाही.

"माझं काय काम?" मी विचारलं.

"तू मध्ये बोलायचंस," चारू म्हणाला.

"फ्रेंच लोकांशी?"

"आभाशी."

ठरलं होतं ते असं. आभा शनिवारी शेजारच्या शहरात येणार, आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात आईला भेटणार. "बाबाला यायचं असेल तर येऊ दे," एवढीच बाबाच्या वाट्याची मेहेरबानी. आम्ही पोचलो गुरुवारी. शुक्रवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत चारूची किल्ली फिरायला लागली. खिडकीशी जा, दाराशी ये, पडदा उघड, पडदा लाव. शेवटी सुचित्रा म्हणाली, "अहो, गालिचा झिजेल."

"नुसतं गाव बघून येऊ," तो म्हणाला. "गाडीतूनच. उतरायचं नाही. एक चक्कर, खलास."

"तिने शनिवार सांगितलाय."

"तिला कळणारसुद्धा नाही, सुचित्रा!"

तर निघालो. भाड्याची गाडी गिअरची होती, आणि चारूला आनंद इतका झाला की पाहिजे तिथे आणि नको तिथे तो गिअर बदलत होता. मग तो रस्ता आला. दोन्हीकडे झाडं, लोखंडी कठडे, मध्ये सरळसोट डांबर. शर्यतीत याच रस्त्यावरून गाड्या गोळीसारख्या सुटतात. चारूने श्वास रोखला. पुढे एक भला ट्रक कोबी घेऊन चालला होता, आणि ओव्हरटेक करायला मनाई होती. जन्मभर ज्या रस्त्याची स्वप्नं पाहिली, तो पुरा रस्ता चारूने कोबीच्या मागून केला. मी हसलो नाही. सुचित्रा हसली. चारू आरशात बघत म्हणाला, "आभा असती तर..." आणि त्याने वाक्य तिथेच टाकून गिअर बदलला.

गाव सर्किटाला अगदी चिकटून. एका बाजूला उंच प्रेक्षकगॅलरी, रिकामी. तिच्या सावलीत गाई चरत होत्या. गवताच्या गंजीला टेकून जुन्या टायरांची भिंत. कचऱ्याच्या डब्यावर काळेपांढरे चौकोन रंगवलेले. चर्च, ग्रामपंचायत, पावाचं दुकान, बंद खिडक्यांची दगडी घरं, आणि माणूस एकही नाही. दुपारचा एक वाजून गेला होता. आवाज म्हणाल तर आमच्या इंजिनाचा.

"हे गाव चालू आहे की बंद?" चारूने विचारलं.

गावाचा आवाज बंद असला की त्याला गुदमरल्यासारखं होतं. त्यात सकाळपासून चहा नाही. हॉटेलात मिळाला तो चहा नव्हता, गरम पाण्यात बुडवलेली, दोरा लावलेली एक कागदी पुडी होती. चौकात पावाच्या दुकानासमोर त्याने गाडी उभी केली, काच खाली केली आणि हॉर्न दिला.

"अरे, काय करतोस?" मी म्हणालो.

"चहा सांगतोय."

"इथे कोणी बाहेर येत नाही चारू!"

"दुकान आहे ना? मग येईल."

त्याने पुन्हा एकदा दिला. कोणी आलं नाही. दुकानाच्या दारावर पाटी होती, मी ती वाचली. ती बंद असल्याची होती, आणि माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाचं चीज झालं. पण ते सांगायच्या आत चारूचा धीर संपला होता. धीर संपला की त्याचा हात आपोआप जे करतो तेच त्याने केलं. दोन आखूड, एक लांब.

दगडी घरांवरून तो आवाज असा फिरला की चर्चच्या कबुतरांनी उड्डाण केलं. एक खिडकी उघडली. दुसरी उघडली. गळ्याला रुमाल लावलेले एक आजोबा हातात काटा घेऊन दारात आले. कुत्रं भुंकलं. आणि चौकाच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावरून, लाकडी जिन्यावर धडधड धडधड पावलं वाजली. दार उघडलं, आणि एक मुलगी बाहेर धावली: एक बूट पायात, एक हातात, खांद्यावर पिशवी, तोंडात घास.

"कमिंग, बाबा, कमिंग!"

आभा चौकाच्या मध्यापर्यंत आली आणि थबकली. तिला पहिल्यांदा आठवलं की आपण फ्रान्समध्ये आहोत. मग आठवलं की आपण मोठ्या झालो आहोत. मग आठवलं की आपण याच्याशी बोलत नाही. हे तिन्ही विचार एकामागून एक तिच्या चेहऱ्यावरून गेले, आणि तिने तोंडातला घास गिळला.

चारू स्टिअरिंग धरून दगडासारखा बसला होता. पहिल्यांदाच त्याचं काही हलत नव्हतं.

तेवढ्यात आभाच्या खालच्या दारातून एक आजी तरातरा आल्या. या घरमालकीण, मादाम ओदेत. चारूच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी हात हलवत बराच मोठा प्रश्न केला.

"काय म्हणतायत?" चारू माझ्याकडे वळला.

मी सगळं धैर्य गोळा करून ऐकलं. "विचारतायत, लग्न कोणाचं आहे?"

"काय?"

"इथे लग्नाच्या वरातीतच असे हॉर्न वाजवतात म्हणे. आणि तुझ्या हॉर्नवर पोरगी पिशवी घेऊन पळत आली."

"लग्न? आभाचं लग्न?" चारू पांढरा पडला. "सुचित्रा! तुला माहीत होतं?"

"अहो, काहीतरीच काय!"

"मग ही बाई असं का म्हणते? हबीबी, विचार ना तिला, मुलगा कोण!"

"बाबा, स्टॉप!" आभा बूट घालत ओरडली. "कोणाचं लग्न नाहीये. इथे हॉर्न वाजवत नाहीत. इट्स लंच टाइम! सगळे जेवतायत! आणि आज शुक्रवार आहे, शनिवार नाही."

"मी फक्त बघायला आलो होतो," चारू म्हणाला. "ये ना. आत बस. हीटर लावतो, बोलू."

"उतर."

"पार्किंग मिळायचं नाही."

"बाबा, तू पार्क केलेलाच आहेस."

"पण इथेच बोलू ना, पाच मिनिटं..."

आभाने गाडीचं दार उघडलं नाही. ती काचेशी वाकली, अगदी आमचा कॅफेटेरियावाला वाकतो तशी. "बाबा, दहावीचा रिझल्ट तुला गाडीत सांगितला. मेडिकलला जाणार नाही हे गाडीत सांगितलं. माझी बेस्ट फ्रेंड कॅनडाला गेली तेव्हा गाडीत रडले. दर वेळी मला फक्त पुढच्या ट्रकची मागची बाजू दिसायची. आय एम नॉट गेटिंग इन." आणि ती वळून चालायला लागली. शेडवर जायची तिची वेळ झाली होती.

यावर दुसरा एखादा बाप उतरला असता. चारूने पहिला गिअर टाकला.

ते दृश्य त्या गावात अजून सांगत असतील. पुढे आभा ताड ताड चालते आहे, मागे आमची गाडी बैलगाडीच्या वेगाने. काचेतून अर्धा बाहेर आलेला चारू बोलतो आहे. "आभा, ऐक तर, दुबईची मुलाखत आहे सोमवारी... चांगली कंपनी आहे गं... आई तुझ्यासाठी चकल्या घेऊन आलीये..." मागच्या सीटवर सुचित्राने पदर चेहऱ्यावर ओढला होता. खरं तर तिने जीन्स घातली होती. पदर म्हणजे मफलर. आणि त्या आजोबांसकट निम्मं गाव मागून चालत येत होतं, रुमाल गळ्यातच.

आभा एका गल्लीत वळली. चारूही वळला. गल्ली निमुळती होत गेली, दोन्हीकडे दगडी भिंती, आणि डावा आरसा भिंतीला लागून कर्र झाला तेव्हा गाडी थांबली. पुढे जायला जागा नाही. आभा पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली. मागून ट्रॅक्टर आला.

चारूने समोर पाहिलं, आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फटीतून कसंबसं दार उघडून तो खाली उतरला आणि पळत सुटला. किल्ली गाडीतच.

चारूला पळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे होते.

ट्रॅक्टरवाला काही बोलला. ते परीक्षेत आलेलं नव्हतं, पण कळलं. मला गिअरची गाडी येत नाही, हे मी चेहऱ्यानेच सांगितलं. तेव्हा मागून सुचित्रा म्हणाली, "सरका भावजी." ती पुढे आली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. आमच्या अमिरातीतला लायसन्स काढायला माणसाचे केस पिकतात, तो तिने कधीच काढला होता. पण घरात चारू असताना तो लायसन्स पाकिटाबाहेर यायचं काही कारणच नव्हतं. तिने मागे बघितलं, ट्रॅक्टरवाल्याला हाताने मागे घ्यायला लावलं आणि गाडी गल्लीतून उलटी अशी अलगद काढली की निम्म्या गावाने टाळ्या वाजवल्या. गाडी लावून तिने किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली, आणि म्हणाली, "चला आता, पायी."

शेड गल्लीच्या टोकाला होती. आत गेलो तर आभा एका मोठ्या टायरवर वाकली होती. एका हातात गरम हवेचं यंत्र, दुसऱ्या हातात पट्टी. रबराचा वरचा थर ती खरवडत होती. समोर चारू उभा. उभा म्हणजे खरंच उभा. फक्त उजव्या हाताचं बोट गरगर फिरत होतं, त्याच्याभोवती किल्ली नव्हती एवढंच.

मग चारूने घसा खाकरला.

"हे काय करतेस?"

साधा प्रश्न होता. आभाने यंत्र बंद केलं आणि बापाकडे बघितलं. त्याने तो नीट विचारला आहे का, हे बघत असावी.

"वरचं चिकटलेलं रबर काढून खालचं बघायचं," ती म्हणाली. "ही बारीक भोकं दिसतात ना? त्यांची खोली मोजायची. मग कळतं कुठे किती झिजला. हा पुढचा डावा बघ. ड्रायव्हरला घाई आहे. वळण यायच्या आतच वळतो."

चारू वाकला. मग गुडघ्यावर बसला. टायरवर बोट फिरवलं. "आणि हा?"

"हा दुसऱ्याचा. पेशंट माणूस."

"आणि माझ्या गाडीचे बघितलेस तर काय कळेल?"

"ते बघायला नको," आभा म्हणाली. "त्यांच्यावर मी वीस वर्षं बसलेय."

इतक्यात टीमची मालकीण आली. नबिला तिचं नाव, पन्नाशीची, ओव्हरऑल घातलेली. आईवडील अल्जीरियाहून आलेले. मी पुढे होऊन फ्रेंचमध्ये आमची ओळख करून द्यायला लागलो, आणि दुसऱ्या वाक्यात अडकलो. चारूने मला बाजूला केलं. "सलाम अलैकुम!" तो म्हणाला, आणि कारखान्याच्या फाटकावर ट्रकवाल्यांशी बोलून बोलून कमावलेली सगळी अरबी त्याने तिथे ओतली. तिची अरबी वेगळी, याची वेगळी. पण दोघं एकमेकांवर जी खूश झाली! माझा भाषेचा धंदा तिथेच बसला.

नबिलाने पुदिन्याचा चहा केला. टेबलावर पेले मांडले, काचेचे, काठोकाठ. ते उचलून कुठे नेता येत नाहीत, हातात धरून चालता येत नाहीत, चटका बसतो. बसावंच लागतं. चारू बसला. फुंकर घालत, गुडघे हलवत, पण बसला.

"तुमचीच वाट बघत होते," नबिला त्याला म्हणाली. हे तिने आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं. "केव्हापासून विचारतेय, राहणार का, तर ही सांगतच नाही. म्हणते, आधी बाबांना विचारायचंय."

आभा तिच्या पेल्यातला पुदिना मोजत होती. सुचित्रा छताकडे बघत होती.

"मला?" चारू म्हणाला. "तू तर माझ्याशी बोलत नाहीस."

"म्हणूनच उशीर झाला."

"मग विचार."

"सगळ्यांसमोर?"

"विचार ना. मी बसलोय."

आभाने पेला खाली ठेवला. "बाबा, मी इथे राहू?"

चारूच्या पायाने टेबलाखाली ब्रेक दाबला. मी शेजारी होतो, माझ्याच पायावर दाबला. दुबईची ती कंपनी, ती मुलाखत, पहाटेच्या रस्त्यावर मागच्या सीटवर झोपलेली शाळकरी पोर, असं काय काय त्या ब्रेकवर उभं राहिलं असेल कोण जाणे.

"आणि मी नको म्हणालो तर?"

"तरी राहणारच आहे," आभा म्हणाली. "पण विचारायचं होतं."

यावर चारू हसला. आधी नाकातून, मग सगळाच. "हां," तो म्हणाला. "राहा." मग नबिलाकडे वळून घाईघाईने, "इन्शाल्ला नाही हां! आमच्याकडे ऑफिसात इन्शाल्ला म्हणजे होणार नाही. हे पक्कं." आणि डोळे पुसायला म्हणून हात खिशात घातला तर रुमालही गाडीत राहिला होता. "सुचित्रा, किल्ली कुठाय? यल्ला, निघूया."

"चहा संपवा आधी," सुचित्रा म्हणाली. पर्सची चेन तिने उघडली नाही.

हॉटेलवर परतताना गाडी सुचित्राने चालवली. चारू शेजारी. आभा मागे माझ्याबरोबर बसून चकल्या खात होती, आणि पुढच्या सीटच्या मधून डोकं घालून बाबाला सांगत होती की त्या सरळ रस्त्यावर कोणत्या खुणेला ब्रेक मारतात. चारू मान डोलवत होता, आणि कोणत्याच खुणेला ब्रेक मारता येत नसल्यामुळे सीटचा दांडा घट्ट धरून होता.

परत आल्यावर चारू बदलला, असं मी म्हणणार नाही. आरतीला तो अजून दाराशीच असतो. कॅफेटेरियासमोर हॉर्न देतो. सुचित्राला सोडायला रोज दुबईला जातो आणि रोज घरावरून पुढे जातो. पण जाताना गाडी ती चालवते, आणि तो शेजारी बसून सगळ्या लेन तिच्यासाठी बदलतो, तोंडाने.

गणपतीला आभा यायची होती. विमान दुपारचं. चारूने मला बरोबर घेतलं. विमानतळावर माणूस आणायची त्याची पद्धत आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. पार्किंगला पैसे द्यायचे नाहीत, गाडी थांबवायची नाही, टर्मिनलभोवती गिधाडासारख्या घिरट्या घालत राहायचं. आलेल्याने बाहेर पडून खांबाचा नंबर कळवायचा, आणि मग बॅगांसकट चालत्या गाडीत शिरायचं. मी मनाची तयारी करून बेल्ट आवळून बसलो होतो. चारूने इंडिकेटर दिला आणि गाडी पार्किंगमध्ये घातली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोललो असतो तर त्याने पुन्हा बाहेर काढली असती.

आतला हॉल बघून तो चकित झाला. "अरे, हे केवढं आहे! एसीसुद्धा आहे!" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आत येत होता. विमान लेट होतं. चारू कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला, प्रत्येक उघडणाऱ्या दाराकडे मान वळवत. एका अरबी कुटुंबाने त्याला विमानतळाचा माणूस समजून दोनदा रस्ता विचारला. त्याने दोन्ही वेळा सांगितला.

आणि मग आभा आली. पाठीवर पिशवी, हातात बॅग. कठड्याशी फुलं घेऊन, पाट्या घेऊन इतकी माणसं उभी होती. तिने एकाकडेही पाहिलं नाही. तिला ठाऊकच होतं की तिचं माणूस इथे नसतं. सरळ बाहेरच्या दाराकडे, गाड्यांच्या रांगेकडे बघत ती आमच्यासमोरून भराभर निघून गेली. फोनही काढला होता, खांबाचा नंबर सांगायला.

"आभा!" चारू म्हणाला, पण हॉलच्या गलक्यात ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तो दोन पावलं पुढे झाला. हात पुढे गेला, हॉर्न असतो तिथे. तिथे काही नव्हतं. बाहेरचं दार उघडलं, ती उंबऱ्यावर पोचली.

तेव्हा भर हॉलमध्ये, त्या सगळ्या फुलांच्या आणि पाट्यांच्या मध्ये, सँडलचे तळवे झिजवत उभा असलेला माझा हा पन्नाशी उलटलेला मित्र मोठ्याने, तोंडानेच वाजला.

"पीं! पीं! पीऽऽऽऽऽ!"

अख्खा हॉल वळला. बॅग धाडकन खाली पडली.

"कमिंग, बाबा!" आभा ओरडली, आणि उलटी धावत सुटली.